बडोदे संस्थानातील महोत्सव-स्मारके

तिसरे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांच्या कारकिर्दीच्या महोत्सवांनिमित्त बडोदे शहरात उभ्या राहिलेल्या वास्तू, पुतळा व स्तंभ. खंडेराव मार्केट, काळा घोडा, कीर्तिमंदिर आणि कीर्तिस्तंभ ही त्यांतली ठळक नावे. बडोद्यातली मराठी मंडळी पहिल्या दोहोंवरून रोज पत्ता सांगतात, पण ही महोत्सवाची स्मारके आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

हिंदुस्थानात अशा स्मारकांची टूम फोफावली ती व्हिक्टोरिया राणीच्या १८८७ च्या सुवर्णमहोत्सवात. मुंबईत बोरीबंदरच्या नव्या स्थानकाला राणीचे नाव मिळाले ते त्या वेळीच, आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटही त्याच निमित्ताने निघाली. पुढे संस्थानिक स्वतःच्या कारकिर्दीचेही महोत्सव भरवू लागले.

बडोद्यातल्या महोत्सवांचा हिशेब मात्र सरळ नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळराव हा मुलगा खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक जाऊन २७ मे १८७५ रोजी सयाजीराव म्हणून गादीवर आला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता, त्यामुळे राज्यकारभाराची पूर्ण मुखत्यारी त्याला २८ डिसेंबर १८८१ रोजी मिळाली. रौप्यमहोत्सव धरला तो या मुखत्यारीपासून, म्हणून तो १९०७ मध्ये झाला. सुवर्ण व हीरक महोत्सव मात्र गादीवर आल्यापासून मोजले गेले आणि अनुक्रमे १९२६ व १९३६ मध्ये साजरे झाले. परिणामी रौप्य आणि सुवर्ण यांत पंचवीसऐवजी एकोणीसच वर्षांचे अंतर पडले. स्मारकांवरच्या सनांचा मेळ बसवताना अभ्यासक अडखळतात ते इथेच.

रौप्यमहोत्सवाच्या सुमाराची दोन कामे स्वभावाने अगदी वेगळी आहेत. खंडेराव मार्केटची इमारत कारभाराला पंचवीस वर्षे झाल्याबद्दल महाराजांनी नगरपालिकेला दिली आणि तिला दत्तक पित्याचे नाव ठेवले. म्हणजे उत्सव स्वतःचा, पण पाटी वडिलांची. आज तिथे महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे आणि अवतीभोवती भाजी-फुलांचा बाजार भरतो. गणपतीत दूर्वा, केवडा आणि शेवंतीच्या वेण्या घ्यायला दांडिया बाजारातली मराठी घरे इथेच येतात. दुसरे काम उलट दिशेचे : प्रजेच्या वतीने राजाला केलेला मुजरा. इंग्रज शिल्पकार डरवेंट वुड याने घडवलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा सयाजीबागेजवळ उभा आहे. सयाजीबागेला लोक कमाटीबाग म्हणतात, तसे पुतळ्याच्या या चौकाला काळा घोडाच म्हणतात. मुंबईच्या काळा घोडा चौकातून सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलला, बडोद्याचा स्वार अजून जागेवर आहे.

सुवर्णमहोत्सवाची इतकी ठसठशीत वास्तू शहरात दाखवता येत नाही. हीरकमहोत्सवाने ती कसर भरून काढली. राजवाड्याच्या रस्त्यावरचा दगडी कीर्तिस्तंभ तेव्हाचाच. विश्वामित्रीच्या पुलाजवळचे कीर्तिमंदिर हे गायकवाड घराण्यातील दिवंगतांचे स्मृतिमंदिर (पोरबंदरचे गांधीजींच्या जन्मस्थानाचे कीर्तिमंदिर वेगळे, त्याचा याच्याशी संबंध नाही). त्याच्या सुमारे ३३ मीटर उंच शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या कांस्य प्रतिमा असून पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे. घराण्याच्या स्मारकावर देशाचा नकाशा बसवणे १९३६ मध्ये एखाद्या संस्थानिकाला सहज सुचेल असे नव्हते.

या वास्तूचे खरे मोल आतल्या भिंतींवर आहे. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी तिथे चार मोठी भित्तिचित्रे रंगवली : गंगावतरण (१९३९), मीरेचे जीवन (१९४०), नटीर पूजा (१९४३) आणि अभिमन्युवध (१९४५–४६). महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी वारले, तेव्हा महोत्सवाच्या या वास्तूची सर्वांत मोठी शोभा महोत्सव सरल्यावर, बहुतांशी उत्सवमूर्तीच्या पश्चात, चढली. नटीर पूजेचा विषय रवींद्रनाथांच्या नाटकातला आहे. अजातशत्रूच्या राज्यात बुद्धपूजेला बंदी होते आणि श्रीमती या राजनर्तकीला पूजास्थानी नाचण्याचा हुकूम सुटतो. ती नाचता नाचता एकेक दागिना उतरवते, आत भिक्षुणीचे वस्त्र दिसते आणि तिला प्राण गमवावे लागतात. राजघराण्याच्या कीर्तीसाठी बांधलेल्या मंदिरात राजाज्ञा मोडणाऱ्या नर्तकीला पुरी भिंत मिळाली, ही गोष्ट मार्गदर्शक पुस्तिकांत सहसा येत नाही, ती यायला हवी.

योगायोगाने १९३६ मध्येच अमेरिकेतील टेक्सस राज्याने मेक्सिकोपासूनच्या स्वातंत्र्याची शताब्दी साजरी केली. तिथे २५४ परगण्यांपैकी प्रत्येकात ग्रॅनाइटचा स्मृतिशिलाखंड बसला आणि त्यावर परगणा कधी स्थापन झाला, नाव कशावरून पडले हे कोरले गेले. बडोद्यात तसे झाले नाही : संस्थान अमरेली, नवसारी, मेहसाणा असे तुटक तुकड्यांत पसरलेले होते, पण महोत्सवाची ही ठळक स्मारके राजधानीतच एकवटली.

खेड्यांच्या वाट्याला दगड आला नाही, पैसा आला. हीरकमहोत्सवानिमित्त महाराजांनी ग्रामसुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांनी पुढे सर सयाजीराव हीरकमहोत्सव व स्मारक विश्वस्त निधी स्थापला. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तरी पूर्वीच्या संस्थानी मुलखातील लोकांच्या शिक्षणादी गरजांसाठी हा निधी चालू राहिला.