केटी पोर्टर : काठावरच्या सीटची काँग्रेसवुमन

केटी पोर्टर (जन्म ३ जानेवारी १९७४) या अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्या. २०१९ ते २०२५ अशी सहा वर्षं त्या कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतून अमेरिकन संसदेच्या खालच्या सभागृहात, म्हणजे हाउसमध्ये होत्या. तीन निवडणुका लढल्या, तिन्ही जिंकल्या, पण एकदाही ५४ टक्क्यांच्या वर गेल्या नाहीत. सीट कायम काठावर. अशा सीटवरच्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात, की मधलं मधलं बोल, कुणाला दुखवू नको, आपल्या पक्षापासून चार हात लांब राहा. पोर्टरबाई त्याच्या बरोब्बर उलट वागल्या आणि तरी टिकल्या, म्हणून त्यांची कारकीर्द नीट बघण्यासारखी आहे.

आधी सीट काठावरची म्हणजे काय ते सांगतो. २०२३-२४ च्या हाउसमध्ये आपले बेळगावचे श्री ठाणेदार पण होते, मिशिगनमधून, पण त्यांचा मतदारसंघ डेट्रॉइटचा, तिथे डेमोक्रॅट पक्षाचं तिकीट मिळालं की निम्म्याहून जास्त काम झालं, खरी लढाई पक्षाच्या आतलीच. ऑरेंज काउंटीचं तसं नाही. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला समुद्राला लागून असलेला हा भाग म्हणजे अनेक वर्षं रिपब्लिकनांचा बालेकिल्ला, रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांचा जन्म इथल्याच यॉर्बा लिंडाचा. १९३६ मध्ये रूझवेल्ट जिंकले, त्यानंतर थेट २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन, मधल्या ८० वर्षांत अध्यक्षपदाच्या एकाही डेमोक्रॅट उमेदवाराला इथे आघाडी मिळाली नव्हती. त्यात हाउसची टर्म फक्त दोन वर्षांची, म्हणजे शपथ घेतली की पुढच्या निवडणुकीचे पैसे जमवायला सुरुवात.

पोर्टर मूळच्या कॅलिफोर्नियाच्या नाहीत. त्या आयोवातल्या शेतकऱ्याच्या घरातल्या. १९८० च्या दशकात तिकडे शेतीवर मोठं संकट आलं होतं, कर्ज फेडता येईना, बँका बुडत होत्या, जमिनी जात होत्या, ते सगळं त्यांनी लहानपणी जवळून बघितलं. कर्जात अडकलेला शेतकरी म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. पुढे येल, मग हार्वर्डचं लॉ स्कूल, तिथे एलिझाबेथ वॉरेन (पुढे डेमोक्रॅटिक सिनेटर झाल्या त्याच) त्यांना दिवाळखोरीचा कायदा शिकवायला होत्या, आणि तोच विषय बाईंनी आयुष्याचा केला. २०११ पासून त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसवर कायद्याच्या प्राध्यापक. २००८ च्या घरकर्ज घोटाळ्यानंतर पाच मोठ्या बँकांशी २५ अब्ज डॉलरचा समझोता झाला, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरल होत्या कमला हॅरिस, त्यांनी २०१२ मध्ये पोर्टर यांना नेमलं, की बँका कबूल केलेलं खरंच पाळतायत का ते बघा. म्हणजे राजकारणात यायच्या आधीपासून बाईंचं काम एकच होतं, बँकेने कागदावर काय लिहिलं आणि माणसाच्या हातात काय पडलं हे ताडून बघायचं.

२०१८ मध्ये त्या ४५व्या मतदारसंघातून उभ्या राहिल्या. अर्व्हाइन, टस्टिन, मिशन व्हिएहो वगैरे शहरं त्यात येत होती. कॅलिफोर्नियात सगळ्या पक्षांची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी पहिली फेरी, एकत्रच होते आणि पहिले दोघं पुढे जातात. राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाने पाठिंबा दिला होता डेव्ह मिन यांना, ते पण त्याच विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक, आणि त्यांची भाषा जरा सांभाळून बोलणाऱ्याची. पोर्टर उघड उघड सरकारी आरोग्य विमा सगळ्यांना द्या म्हणत होत्या, कॉर्पोरेट कंपन्यांच्या पॅककडून (म्हणजे उमेदवारांना पैसे पुरवणाऱ्या समित्यांकडून) एक डॉलर घेणार नाही म्हणत होत्या. तरी मिन यांना मागे टाकून त्या पुढे गेल्या आणि नोव्हेंबरात रिपब्लिकन खासदार मिमी वॉल्टर्स यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मतदानाच्या रात्री वॉल्टर्स पुढे होत्या, मग पोस्टाने आलेली मतं मोजत मोजत आकडा फिरला आणि आठवड्याहून जास्त दिवसांनी निकाल स्पष्ट झाला, पोर्टर ५२.१ टक्के. या जागेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या डेमोक्रॅट. त्या वर्षी ऑरेंज काउंटीच्या सातही जागा डेमोक्रॅटांकडे गेल्या, वॉल्टर्स यांनी ओबामांची आरोग्य योजना मोडायला आणि ट्रम्प यांच्या टॅक्स कायद्याला मत दिलं होतं तेही नडलं (त्या कायद्याने राज्याच्या टॅक्सची वजावट १०,००० डॉलरवर आणली, आणि महाग घरांच्या या भागात त्याचा फटका चांगलाच बसणार होता).

हाउसमध्ये गेल्यावर त्यांना वित्तविषयक समिती मिळाली आणि तिथून त्यांचं नाव देशभर झालं. समितीसमोर मोठमोठ्या कंपन्यांचे सीईओ येतात, प्रत्येक सदस्याला पाच मिनिटं मिळतात, आणि बरेच सदस्य त्यातली चार मिनिटं भाषणात घालवतात. पोर्टर यांनी पाचही मिनिटं प्रश्नांना दिली, आणि प्रश्न पण असे की आकडा सांगितल्याशिवाय सुटका नाही. २०१७ मध्ये लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीकडून १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती चोरीला गेली होती. बाईंनी सीईओला विचारलं, तुमची जन्मतारीख, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधार नंबरासारखा) इथे सगळ्यांसमोर सांगाल का? ते नाही म्हणाले. मग विचारलं, की तुम्हाला एवढी भीती वाटते तर तुमचे वकील कोर्टात लोकांचं नुकसान झालंच नाही असं कसं म्हणतात?

एप्रिल २०१९ मधला जेपीमॉर्गन चेस बँकेचे सीईओ जेमी डायमन यांच्याबरोबरचा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो सविस्तर देतो. बाईंनी अर्व्हाइनमधली त्याच बँकेची टेलरच्या (म्हणजे काउंटरवर पैसे घेणाऱ्या-देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) नोकरीची जाहिरात शोधून काढली होती, तासाला १६.५० डॉलर. बाईंच्या हिशोबाने वर्षाचे ३५,०७०. टॅक्स जाऊन महिन्याला हातात येतात २,४०० च्या थोडे वर. मग सहा वर्षांची मुलगी असलेल्या एकट्या आईचं बजेट त्यांनी मांडायला घेतलं, आईमुलीत मिळून एक बेडरूम, भाडं १,६००, वीज वगैरे १००, जुनी गाडी आणि पेट्रोल धरून ४००, जेवणखाण ४००, साधा मोबाइल ४०, शाळा सुटल्यावर मुलीला सांभाळायचे ४५०. महिन्याअखेर तूट ५६७ डॉलर. यात औषध नाही, कपडे नाहीत, शाळेची ट्रिप नाही. आता हिने काय करावं, असं त्यांनी डायमन यांना विचारलं. ते म्हणाले मला माहीत नाही, विचार करावा लागेल. तुमच्याच बँकेचं क्रेडिट कार्ड घेऊन कर्ज काढावं का? परत तेच उत्तर. डायमन यांचा पगार त्या वेळी वर्षाला ३ कोटी १० लाख डॉलर होता. महिन्याच्या शेवटी वहीत हिशोब जुळवत बसणारी बाई कुठल्याही देशात कुठल्याही पक्षाची असू शकते, आणि पोर्टर यांचं राजकारण नेमकं तिथून सुरू होतं. भांडवलशाही, समाजवाद असले शब्द न काढता त्या घरखर्च मांडायच्या. रिपब्लिकन घरातसुद्धा भाडं तेवढंच असतं.

१२ मार्च २०२० ला, कोरोना नुकता पसरायला लागला होता तेव्हा, सीडीसी म्हणजे साथरोगांचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट रेडफिल्ड समोर होते. बाईंनी व्हाइटबोर्डवर मार्कर घेऊन चाचण्या आणि इमर्जन्सीत जायचा खर्च एकेक करून लिहिला, बेरीज १,३३१ डॉलर. विमा नसलेला माणूस एवढे पैसे देण्याऐवजी घरीच बसेल आणि आजार पसरवेल हा मुद्दा. मग त्यांनी नियम वाचून दाखवला की तपासणीचा आणि उपचाराचा खर्च सरकारने द्यायचा अधिकार सीडीसीच्या प्रमुखांना आहे, तुम्ही तो वापरणार का, हो की नाही. रेडफिल्ड दोनतीनदा इकडचं तिकडचं बोलले, आठवडाभर आधी बाईंनी याच विषयावर पत्र पाठवलं होतं त्याची आठवण करून दिली गेली, आणि शेवटी ते हो म्हणाले. एका पहिल्या टर्मच्या खासदाराने पाच मिनिटांत एवढं मिळवणं ही लहान गोष्ट नाही.

या सगळ्यात जोखीम किती होती ते पण बघायला हवं. जून २०१९ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची चौकशी सुरू करा असं जाहीर सांगितलं, तेव्हा काठावरच्या सीटवरचे बहुतेक डेमोक्रॅट तोंड उघडायला तयार नव्हते. पुढे त्या हाउसमधल्या प्रोग्रेसिव्ह म्हणजे डावीकडे झुकलेल्या डेमोक्रॅटांच्या गटाच्या उपाध्यक्ष झाल्या, अध्यक्ष होत्या चेन्नईत जन्मलेल्या प्रमिला जयपाल. शिवाय इअरमार्क म्हणजे मतदारसंघासाठी नाव घालून मागायचा निधी, तो पण त्यांनी मागितला नाही, त्याने भ्रष्टाचाराला वाट मिळते असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे अमुक इतका निधी खेचून आणला म्हणून चौकात फ्लेक्स लागतो, त्यामुळे हा निर्णय किती अवघड ते लगेच कळेल. मला स्वतःला तो पटत नाही, कारण निधी दुसरीकडे गेला तरी नियम काही बदलत नाही आणि नुकसान आपल्याच लोकांचं होतं. पण बाईंनी भूमिका बदलली नाही एवढं खरं.

२०२० मध्ये रिपब्लिकन ग्रेग रॅथ्स यांना ५३.५ टक्के मतं घेऊन हरवलं. जानेवारी २०२१ मध्ये वित्त समिती हातातून गेली. समित्यांच्या पसंतीक्रमात त्यांनी ती खाली टाकली होती आणि बाकीच्या समित्यांबरोबर तीही राहावी म्हणून सूट मागितली होती, ती मिळाली नाही. ज्या समितीने नाव दिलं ती अशी सोडायला नको होती असं मला अजून वाटतं, पण ओव्हरसाइट म्हणजे देखरेख समितीत जाऊन त्यांनी औषध आणि तेल कंपन्यांच्या सीईओंना तसंच हिशोबाला बसवलं.

२०२२ ची निवडणूक सगळ्यात कठीण गेली. मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि बाई आल्या ४७व्या मतदारसंघात, अर्व्हाइन राहिलं पण बाकी हंटिंग्टन बीच, न्यूपोर्ट बीच असा किनाऱ्याचा श्रीमंत आणि बराच रिपब्लिकन पट्टा, जिथले कितीतरी मतदार त्यांना नवीन. समोर रिपब्लिकन स्कॉट बॉ. पोर्टर यांनी अडीच कोटी डॉलरहून जास्त जमवले, त्यात देशभरातल्या लोकांनी ऑनलाइन पाठवलेल्या छोट्या छोट्या रकमांचा मोठा वाटा होता, आणि एवढं करून जिंकल्या ५१.७ टक्के मतं घेऊन, म्हणजे साधारण ९,००० मतांच्या फरकाने. कंपन्यांचे पैसे नाही घेतले तर ते कुठून तरी आणावेच लागतात, आणि अशी सीट राखायला किती लागतात ते या एका निवडणुकीत दिसतं.

जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी डायान फाइनस्टाइन यांच्या सिनेटच्या म्हणजे वरच्या सभागृहाच्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. हाउसची सीट आता मोकळी पडणार म्हणून पक्षातले काही लोक नाराज झाले. ५ मार्च २०२४ च्या प्रायमरीत डेमोक्रॅट खासदार अ‍ॅडम शिफ आणि रिपब्लिकन, माजी बेसबॉलपटू स्टीव्ह गार्वी पुढे गेले, पोर्टर १५ टक्क्यांच्या आसपास राहून तिसऱ्या. क्रिप्टो कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका पॅकने त्यांच्याविरुद्ध जाहिरातींवर सुमारे १ कोटी डॉलर ओतले होते. हरल्यावर बाईंनी अब्जाधीशांनी निवडणूक ‘रिग’ केली (म्हणजे लबाडीने फिरवली) असा शब्द वापरला, तो चुकीचा होता, कारण मतमोजणीत काहीच गडबड नव्हती, आणि दुसरा शब्द वापरायला हवा होता हे त्यांनी नंतर मान्य केलं. मार्च २०२५ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उमेदवारी जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका मुलाखतीतून उठून जायला निघाल्याचा आणि एका कर्मचाऱ्यावर ओरडल्याचा असे दोन व्हिडिओ पसरले आणि त्यांच्या स्वभावावर बरीच टीका झाली.

४७व्या मतदारसंघात २०२४ ला परत स्कॉट बॉ उभे राहिले. डेमोक्रॅटांकडून होते डेव्ह मिन, २०१८ च्या प्रायमरीत पोर्टर यांच्याकडून हरलेले तेच, आणि या वेळी पोर्टर यांनी त्यांना सुरुवातीलाच पाठिंबा दिला होता. मिन जिंकले, पण फरक तीन टक्क्यांच्या आसपासच.