भूत येईलच, आधीची पानं गाळू नका
भुताच्या रहस्यकादंबऱ्या भाड्यानं नेणाऱ्या वाचकांसाठी

हे पत्रक आता अशा प्रत्येक कादंबरीत ठेवतो आहोत, कारण काउंटरवर तोच वाद पुन्हा पुन्हा होतो. "भाऊ, मले तर शेवट जमलाच नाही. चोर एकदम कुठून काढला?" एवढं बोलून पुस्तक टेबलावर आपटायचं, भाडं परत मागायचं आणि जाता जाता चोराचं नाव सगळ्यांदेखत सांगून मोकळं व्हायचं. मागे उभ्या असलेल्या पोरापोरींतल्या कोणीतरी त्याच पुस्तकासाठी नंबर लावलेला असतो, त्यांचं काय?

अशा वेळी आम्ही एकच विचारतो: पहिल्या प्रकरणात गोष्ट सांगणाऱ्या नायिकेनं कोणाकोणाची टिंगल केली? उत्तर बहुतेक ठरलेलं. "ते बडबड सोडून देल्ली मी. भूत कुठी येते ते पाहत गेलो."

सगळा घोळ इथंच आहे. चाळीसेक पानं गाळून थेट भुताच्या पानावर उडी मारली, की शेवट खोटा वाटणारच. मग तीच कादंबरी पहिल्यापासून वाचावी लागते, दुसऱ्या मुदतीचं भाडं पडतं आणि पुढच्याचा नंबर लांबतो.

रोनाल्ड नॉक्स नावाचा एक इंग्रज पाद्री होता, स्वतः रहस्यकथाही लिहायचा. १९२९ साली त्यानं रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. पहिलाच नियम असा, की गुन्हेगाराचा उल्लेख गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात आलाच पाहिजे. दुसरा असा, की भूतपिशाच्च, दैवी शक्ती असलं काही गोष्टीत चालणार नाही. आपल्या या कपाटातल्या कादंबऱ्या दुसरा नियम राजरोस मोडतात. पण पहिला मात्र चांगले लेखक मोडत नाहीत. भूत घ्यायचं ठरल्यावर वाचकाला फसवल्यासारखं वाटू नये, म्हणून ते जास्तच काटेकोर राहतात. म्हणजे चोर कोण, भूत खरं की बनावट, आणि खरं असेल तर त्याला काय जमतं आणि काय जमत नाही, याची कल्पना सुरुवातीच्या पानांतच दिलेली असते. फक्त सरळ सांगितलेली नसते. कापसात सरकी असते तशी ती नायिकेच्या विनोदात असते.

कोणत्याही पुस्तकाचा शेवट फुटू नये म्हणून एक उदाहरण आम्हीच रचलं आहे. अकरावीतली मुलगी, जुना वाडा, अमावास्येला तुरीच्या शेतात फिरणारा उजेड. पहिल्या प्रकरणात ती म्हणते:

"आमच्या टीव्हीच्या रिमोटमध्ये सेल टिकतच नाहीत. मामाजी म्हणतात, वाड्यात भूत आहे. असेल, पण मग त्याला क्रिकेटचं भारी वेड दिसतं."

आणि लगेच खाली:

"आजीचं या घरात कोणी ऐकत नाही. मी एकटीच ऐकते, म्हणून भांडीही मलाच घासायला सांगते."

वाचणारा हसतो आणि पान उलटतो. दीडशे पानांनंतर कळतं, की शेतातला उजेड म्हणजे रिमोटच्या सेलवर चालणारी बॅटरी, आणि लोकांनी शेताच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, फिरकू नये म्हणून ती घेऊन हिंडणारे मामाजीच. चोर सापडला, पुस्तक संपलं असं वाटतं. मग शेवटून दुसऱ्या पानावर भिंतीवरचा हार घातलेला फोटो येतो, तो आजीचा. घरात तिचं कोणी का ऐकत नव्हतं ते आता समजतं. ज्यानं ती दोन वाक्यं वाचली, तो पुन्हा पहिल्या पानाकडे पळतो. ज्यानं गाळली, तो आमच्याकडे भाडं मागायला येतो.

म्हणून "पोट्टी बहुतच बडबड करते" ही तक्रार आम्हाला पटत नाही. तिच्याकडे गाडी नाही, अधिकार नाही, मोठी माणसं तिला चहा ठेवायला आत पाठवतात. पण आत जाता जाता तिला सगळं ऐकू येतं, आणि चेष्टेत बोललेलं कोणी मनावर घेत नाही, म्हणून ती घरातल्या कोणाबद्दलही बोलू शकते. शिवाय ती सगळ्यात जास्त बडबडते ती घाबरल्यावरच. विनोद अचानक वाढले की सावध व्हा, पुढच्या दोनचार पानांत काहीतरी आहे.

एक साधी युक्ती सांगतो. पहिल्या तीन प्रकरणांत ती ज्यांची टिंगल करते त्यांची नावं याच पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहा. पुस्तकाच्या समासात नको. समासात चोराच्या नावाखाली रेघ ओढलेली आढळली तर पुस्तक तुमच्या नावावर विकलं गेलं असं आम्ही धरतो. हा नियम कडक वाटेल, पण एका रेघेनं पुढच्या सगळ्यांचं पुस्तक वाया जातं.

"भूत खरं निघते काय, एवढंच सांगा" असं विचारू नका. आम्ही सांगणार नाही, घरच्यांनाही सांगत नाही.

पालकांसाठी. ही पुस्तकं आठवी-नववीपासून पुढच्या मुलांसाठी आहेत, लहानांचं कपाट वेगळं आहे. यानं अंधश्रद्धा वाढते का, कायद्यात बसतं का, असंही काही काकाजी विचारतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख भानामतीची भीती घालून, अंगात आल्याचं सोंग करून लोकांना लुबाडणाऱ्यांवर आहे, गोष्ट लिहिणाऱ्यावर नाही. उलट यातल्या कितीतरी नायिका असल्या बुवांचंच बिंग फोडतात. मूल रात्री एकटं बाहेर जायला घाबरू लागलं तर पुस्तक मुदतीआधी आणून द्या, त्याच भाड्यात दुसरं देऊ.

आपल्याकडे विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात. त्यामुळे मे-जूनमध्ये या कपाटाला रांग असते. मालिकेतलं पुस्तक हवं असेल तर पहिल्या भागापासून नंबर लावा. तिसरा भाग रिकामा दिसला म्हणून उचलू नका, त्यात पहिल्या भागातलं भूत कोण होतं ते दुसऱ्याच पानावर सांगितलेलं असू शकतं.

आमच्याकडे नसलेलं पुस्तक मागवून देतो. पण "ते निळ्या कव्हरचं, पोरगी आन् कंदील असलेलं" एवढ्यावर पुस्तक सापडत नाही. मागच्या कव्हरवर बारकोडपाशी ९७८ नं सुरू होणारा तेरा आकडी नंबर असतो, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर तो दहा आकडी असेल, तोही चालतो. लांबच्या गावी स्पीड पोस्टनं पाठवतो. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट त्यातच विलीन झालं आहे, तेव्हा "रजिस्टरनंच पाठवा" असा आग्रह धरू नका.

ठेव २०० रुपये, दहा दिवसांचं भाडं २० रुपये. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतावरच्या घरांना पाच दिवस जास्तीचे, त्याचे पैसे नाहीत. वाचून झाल्यावर पुस्तक विकत ठेवावंसं वाटलं तर भरलेलं भाडं किमतीतून वजा करतो. आजीच्या फोटोसारखा शेवट असलेली पुस्तकं लोक दुसऱ्यांदा वाचायला ठेवूनच घेतात, म्हणून त्यांची एक नवी प्रत दुकानात असतेच. बाजाराच्या दिवशी सकाळपासून, एरवी दुपारी चारनंतर या.