सरकारी वकील आणि सरकारने दिलेला वकील: कुणाकडे जायचं?

फौजदारी केसमध्ये घरचा माणूस अडकला आणि वकिलाच्या फीचे पैसे नसले, की नातेवाईक सरळ ‘सरकारी वकील’ शोधत निघतात. आणि सरकारी वकील सापडतोही लगेच, कारण तो रोज त्याच कोर्टात असतो. फक्त तो समोरच्या बाजूचा असतो.

ओरोसच्या, म्हणजे सिंधुदुर्गच्या जिल्हा न्यायालयात एकदा बघितलेलं सांगते. गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) झालेल्या मारामारीतला मुलगा आत, आणि त्याची आई व्हरांड्यात सरकारी वकिलांना धरून उभी. “सायबांनू, तुमी सरकारी वकील मा? मगे आमच्या झिलाची केस तुमीच बघा. झिलान कोयतो उगारल्यान खरो, पण लागलो नाय ओ कोणाक...” वकील भले माणूस होते. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, “आजी, हे मला सांगू नका, मी पोलिसांच्या बाजूने उभा आहे,” म्हणाले आणि शिपायाला हाक मारून तिला मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीकडे पाठवलं. पण कोयत्याचं वाक्य बोलून झालं होतं.

आरोपीच्या घरच्यांनी ज्याच्याशी केसबद्दल एक शब्दही बोलू नये, तो सरकारी वकील. ज्याच्यापासून काही लपवू नये, तो सरकारने मोफत दिलेला बचावाचा वकील. पगार किंवा मानधन दोघांचंही सरकारी तिजोरीतून येतं, म्हणून हा घोळ.

सरकारी वकील, म्हणजे कागदोपत्री ‘सरकारी अभियोक्ता’, राज्याच्या वतीने खटला चालवतो. सत्र न्यायालयातल्या या पदासाठी किमान ७ वर्षांची वकिली लागते आणि नेमणूक राज्य सरकार करतं. खाली मॅजिस्ट्रेट कोर्टात ‘सहायक सरकारी अभियोक्ता’ असतात, ते लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेले. तुमच्या मुलाचा जामीन अर्ज लागला की त्यावर सरकारतर्फे म्हणणं द्यायचं, साक्षीदार तपासायचे, आरोप शाबीत करायचे, हे त्यांचं काम. याचा अर्थ ते आरोपीचे वैरी असा मात्र नाही. काहीही करून शिक्षाच मिळवणं हे अभियोक्त्याचं काम नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या निकालात बजावलं आहे. त्यांनी कोर्टासमोर सगळी वस्तुस्थिती ठेवायची, आरोपीच्या बाजूची असली तरी. प्रत्यक्षात किती जण हे पाळतात, ते ज्याने त्याने आपापल्या तालुक्याचा अनुभव धरून ठरवावं.

आता दुसरा वकील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तो मिळतो. पूर्वी पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, खाजगी वकिलांपैकी एखादा नेमायचे आणि तो स्वतःच्या केसेस सांभाळून ही चालवायचा. त्यात हयगय व्हायची, हे कुणी नाकारणार नाही. २०२२ च्या योजनेनंतर जिल्ह्याच्या ठिकाणी ‘लोक अभिरक्षक’ कार्यालयं आली. तिथले वकील पूर्णवेळ फक्त बचावाचंच काम करतात, खाजगी वकिली त्यांना करता येत नाही. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो, उपमुख्य असेल तर ७ वर्षांचा. म्हणजे ‘फुकटचा वकील, शिकाऊच असणार’ हा आपल्याकडचा ठाम समज निदान वरच्या दोन पदांना तरी लागू होत नाही. सहायक नवखे असतात, हे खरं. तालुक्याच्या कोर्टात मात्र अजूनही पॅनेलवरचा वकील मिळू शकतो.

मिळतो कुणाला? स्त्री असेल किंवा माणूस कोठडीत असेल, तर उत्पन्न बघतच नाहीत. बागायतदाराचा मुलगा असो की खलाशाचा, आत आहे तोवर त्याला हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, मुलं, अपंग यांनाही तसंच. जामिनावर बाहेर असलेल्या इतरांना उत्पन्नाची अट लागते. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ प्रमाणे, आरोपीला वकील नाही आणि ऐपतही नाही असं दिसलं तर खटल्यात त्याला वकील देणं कोर्टावर बंधनकारक आहे. आरोपीने मागितला नाही म्हणून दिला नाही, हे चालत नाही. १९८६ मध्ये सुक दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एवढ्याच कारणावरून शिक्षा रद्द केली होती.

गावात आणखी एक शंका हमखास निघते: सरकार पैसे देतं, मग हा आतून पोलिसांना सामील नसेल कशावरून? लोक अभिरक्षक पोलिसांच्या हाताखाली नसतो, गृहखात्याच्याही नसतो. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा असतो, आणि त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. तुम्ही त्याला जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय उघड करायला त्याला कायद्याने बंदी आहे, अगदी लाखाची फी घेणाऱ्या वकिलाला असते तशीच. (पुढे कुठला गुन्हा करायचा म्हणून सल्ला मागितलात, तर हे संरक्षण नाही.) कोयत्याचं वाक्य त्या आईने इथे बोलायला हवं होतं.

फिर्यादीच्या घरचेही उलट्या बाजूने फसतात. सरकारी वकील आपल्या बाजूने लढतो म्हणजे तो आपला वकील, असं धरून चालतात आणि त्याने फोन उचलला नाही की रागावतात. तो राज्याचा वकील आहे. फिर्यादी त्याच्या दृष्टीने साक्षीदार. कोर्टाच्या परवानगीने फिर्यादी स्वतःचा वकील लावू शकतो, पण तो सरकारी वकिलाला मदत करतो, खटल्याची सूत्रं त्याच्या हाती जात नाहीत.

वरच्या कोर्टातही हीच विभागणी आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मात्र मुंबईलाच. घाट चढून जायचा खर्च झेपत नसेल तर अपिलासाठीही मोफत वकील मागता येतो.

मागायचं कधी, तर पहिल्या रिमांडलाच. अटकेनंतर २४ तासांच्या आत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात, तेव्हा साहेब विचारतात, वकील आहे का? “नाही, मोफत वकील हवा,” एवढं बोलणं पुरतं. पोलीस कोठडी द्यायची की नाही यावरचा युक्तिवाद तिथेच होतो, म्हणून पुढच्या तारखेवर ढकलू नये. घरच्यांना कोर्टातल्या विधी सेवेच्या कार्यालयात किंवा १५१०० या नंबरवरही विचारता येतं. आणि नेमून दिलेल्या वकिलाने ‘थोडे वरखर्चाला द्या’ म्हटलं, तर द्यायचे नाहीत. प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करायची. वकील बदलूनही मिळतो.