'तिकडं आपली माणसं आहेत का?' या प्रश्नामागचा इतिहास

सातारच्या सदर बझारात, शाहूपुरीत, कराडला, विट्याला कुठंही विचारा, ओळखीतलं एकतरी घर असतंच ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत. ती मुलं तिकडं घर बघायला लागली की इकडून फोनवर आईवडलांचे प्रश्न ठरलेले असतात, एरिया कसाय, शाळा चांगलीय का, आणि आपली माणसं आहेत का आजूबाजूला. प्रश्नात काहीच चूक नाही, परक्या देशात आपल्यासारखं कोणी दिसावं असं वाटणारच. पण 'चांगला एरिया' तिथं कसा तयार झाला आणि आपल्याला तिथं राहायला कुणामुळं मिळालं हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून हे लिहितोय.

कोणी कुठं राहायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं, ही गोष्ट आपल्याकडं नवीन नाही. गावकूस, त्याच्या आतले वाडे आणि बाहेरची वस्ती, हे सातारा-सांगलीतल्या गावागावांत होतं. बाबासाहेब आंबेडकरांचं लहानपण साताऱ्यात गेलं, ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्याच सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये त्यांचं नाव घातलं. पुढं न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकून, लंडनमार्गे १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीला आले तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, ते कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. एवढा शिकलेला माणूस, चांगली सरकारी नोकरी, पण शहरात छप्पर नाही.

आता त्याच १९१७ मध्ये अमेरिकेत काय चाललं होतं बघा. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरानं कायदाच केला होता की गोऱ्यांची वस्ती असलेल्या गल्लीत काळ्या माणसानं राहायला जायचं नाही, आणि उलटंही नाही. तो कायदा त्या वर्षी सुप्रीम कोर्टानं रद्द केला. मग पळवाट निघाली, घराच्या खरेदीखतातच कलम घालायचं की हे घर गोऱ्या माणसाशिवाय कोणाला विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. ही कलमं देशभर पसरली आणि काही ठिकाणी त्यात आशियाई लोकांचाही स्पष्ट उल्लेख असायचा. आणि त्याच १९१७ च्या दुसऱ्या एका कायद्यानं भारतासकट आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना अमेरिकेची दारंच बंद केली.

त्याआधी जे थोडे भारतीय पोचले होते त्यांचं काय झालं ते तर जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे. वैष्णोदास आणि कला बागाई हे जोडपं १९१५ मध्ये मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं, जवळच्या बर्कलीत घर घेतलं, सामान घेऊन राहायला गेले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून ठेवलेलं. ते परत फिरले. आज बर्कलीतल्या एका रस्त्याला कला बागाईंचं नाव आहे, पण त्यासाठी शंभर वर्षं जावी लागली.

मग १९२३ चा भगतसिंग थिंद खटला. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला हा शीख माणूस नागरिकत्वासाठी कोर्टात गेला कारण तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्यांनाच नागरिक होता यायचं. त्याच्या बाजूनं असं मांडलं गेलं की तो उच्चवर्णीय आहे, शुद्ध आर्य आहे आणि उच्चवर्णीय हिंदू खालच्यांपासून तसेच लांब राहतात जसे गोरे काळ्यांपासून राहतात. म्हणजे परक्या मुलुखात जागा मागताना सुद्धा आधार घेतला तो जातीचा! कोर्टानं ऐकलं नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही म्हणाले आणि विषय संपवला. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं, त्यात वैष्णोदास बागाई होते, त्यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. मला हा खटला सगळ्यात जास्त बोचतो, कारण ती मनोवृत्ती अजून गेलेली नाही, 'त्या लोकांचा एरिया नको' असं आपलीच माणसं फोनवर आजही सहज बोलतात.

'त्या लोकांचा एरिया' पण सरकारनंच बनवला. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनं कर्ज द्यायला कुठला भाग किती धोक्याचा हे दाखवणारे दोनशेच्या वर शहरांचे नकाशे काढले, हिरवा, निळा, पिवळा आणि लाल असे चार रंग, लाल म्हणजे सगळ्यात धोक्याचा, आणि काळ्यांच्या वस्त्या जवळपास सगळीकडं लाल. १९३४ मध्ये सुरू झालेली गृहकर्जाची सरकारी हमीही असल्या भागांना मिळायची नाही, नव्या गोऱ्या उपनगरांना मात्र सढळ हातानं मिळायची. कर्ज नाही म्हणून घराला किंमत नाही, आणि तिकडं शाळांचा बराचसा खर्च घरांवरच्या करातून निघतो म्हणून शाळेला पैसा नाही. आज आपण ज्या शाळेचं रेटिंग मोबाईलवर बघून एरिया ठरवतो त्यामागं हे सगळं आहे.

बदल कसा झाला तर १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खरेदीखतातली ती कलमं कोर्टाकडून अंमलात आणता येणार नाहीत, तो खटला सेंट लुइसमधल्या शेली या काळ्या कुटुंबाचा. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला, पण येणाऱ्यांचा कोटा वर्षाला जेमतेम १००. खरं दार उघडलं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं, ज्या दिवसांत काळ्यांची नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर होती आणि तिच्याच रेट्यात वंशावरून ठरणारे कोटे गेले. आणि घर देताना वंश बघायचा नाही हा कायदा आला एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या आठवड्याभरात. आपले डॉक्टर-इंजिनियर तिकडं जाऊन हव्या त्या उपनगरात घर घेऊ शकले ते काळ्यांच्या या लढ्यामुळं, हे आपल्या घराघरात सांगायला पाहिजे.

तरी सगळं सुरळीत झालं असं नाही. १९८७ मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी भारतीयांना मारहाण करत होती, नाव बायकांच्या कुंकवावरून, आणि त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी नावाचा तरुण मारहाणीत गेला. आज त्याच राज्यातल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर साड्यांची आणि सोन्याची दुकानं आहेत, गर्दी असते, तेव्हा एकत्र राहण्यात सुरक्षितता वाटते ते खोटं नाही. फक्त एकत्र म्हणजे फक्त आपलेच, एवढंच एक मॉडेल नाही. साताऱ्यातच १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या पोरांना एका बोर्डिंगात ठेवलं, एका पंगतीला बसवलं, १९२७ मध्ये गांधीजींनी येऊन त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. आपल्या जिल्ह्यात हे झालंय.

म्हणून मुलं घर बघत असतील तर फोनवर अजून थोडं विचारा, वर्गात कोणकोणती पोरं आहेत, शेजार किती वर्षांपासून तिथं आहे, काळी माणसं तिथं घर घेतात का आणि घेत नसतील तर का. आपण प्लॉट घेताना सातबारा, फेरफार सगळं काढतो ना, तसे तिकडचे जुने कागदही मागवायचे. अनेक जुन्या घरांच्या कागदांत 'फक्त गोऱ्यांसाठी' हे कलम अजून छापलेलं आहे, कायद्यानं रद्द झालेलं पण कागदावर शिल्लक. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत मालकाला अर्ज करून ते काढून टाकता येतं.