विमानाचं पासिंग, कंपनीचं पासिंग

आमच्या शेतावरून आता विमान जातं. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याचा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला प्रवाशांसाठी सुरू झाला आणि मुंबईचं एटीआर, दोन प्रोपेलरचं, चाकं खाली काढून कपाशी-तुरीच्या वरून उतरायला लागलं. पहिल्या वर्षी निंदणाऱ्या बाया कंबर सरळ करून वर बघायच्या. आता तेवढं कोणी बघत नाही. माझे मोठे काका मात्र अजून बघतात. तीस वर्षं त्यांनी एसटीचं स्टेअरिंग धरलं, त्यामुळे त्यांचं बघणंच वेगळं. परवा धुऱ्यावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "याचं पासिंग कोन करते गा?"

प्रश्न नेमका होता. उत्तर द्यायला लागलो तेव्हा लक्षात आलं की पासिंग एक नाही, दोन आहेत. आणि त्यातलं जे महत्त्वाचं, ते विमानाचं नाहीच.

विमानाचं पासिंग गाडीसारखंच समजा. आपल्या गाडीवर एमएच २७ असतं, तसं भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानावर व्हीटी ही अक्षरं असतात आणि पुढे त्याचा स्वतःचा तीन अक्षरी ओळख-शब्द. नोंदणीच्या जोडीला लागतं ते उडण्यास योग्य असल्याचं प्रमाणपत्र, आणि ते चालू राहावं म्हणून दरवर्षी सगळी कागदपत्रं आणि विमान पुन्हा तपासलं जातं. हे काम करतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए.

पण असं पासिंग झालेली दहा विमानं उद्या कोणी दारात आणून उभी केली, तरी त्याला एक तिकीट विकता येत नाही. त्यासाठी कंपनीचं स्वतःचं पासिंग लागतं. त्याचं नाव एअर ऑपरेटर सर्टिफिकेट. या धंद्यातले लोक त्याला नुसतं एओसी म्हणतात. विमान चांगलं आहे की नाही, हा प्रश्न तिथे मागे पडतो. ही माणसं, ही पुस्तकं, हे वर्कशॉप आणि हा पैसा मिळून रोज, न चुकता, सुरक्षित उड्डाण करू शकतील का, हे एओसीसाठी तपासलं जातं.

या व्यवस्थेचं मूळ ७ डिसेंबर १९४४ चं आहे. दुसरं महायुद्ध अजून चालू होतं आणि शिकागोमध्ये देश एकत्र बसून नागरी विमान वाहतुकीचा करार करत होते. त्या कराराच्या सहाव्या परिशिष्टात विमान चालवणाऱ्याने काय काय सिद्ध करायचं ते येतं. भारतानेही तो करार मान्य केला आहे, म्हणूनच आपल्या डीजीसीएने दिलेला कागद दुबई-सिंगापूरला चालतो. देशातला कायदा नव्वद वर्षांचा जुना होता. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला.

कंपनी काढायची तर आधी केंद्रीय मंत्रालयाचं ना-हरकत पत्र घ्यायचं. इथे मालक कोण, भांडवल किती, नियंत्रण भारतीय हातात आहे का, हे बघतात. मग डीजीसीएकडे प्राथमिक बोलणी, रीतसर अर्ज, कागदांची छाननी, प्रत्यक्ष पाहणी आणि शेवटी प्रमाणपत्र, असा टप्प्याटप्प्याचा प्रवास. एक टप्पा पार झाल्याशिवाय पुढचा उघडत नाही. अकासा एअरला ना-हरकत पत्र ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळालं, एओसी ७ जुलै २०२२ ला, आणि पहिलं प्रवासी विमान मुंबईहून अहमदाबादला उडालं ७ ऑगस्टला. बोईंगची नवीकोरी विमानं, अनुभवी माणसं, हाताशी पैसा, आणि तरीही नऊ महिने लागले.

नऊ महिने कशात जातात? बरेचसे माणसांत आणि पुस्तकांत.

माणसांत सगळ्यात वर असतो अकाउंटेबल मॅनेजर, म्हणजे जबाबदार व्यवस्थापक. सुरक्षेसाठी लागणारा पैसा आणि माणसं देण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, असाच माणूस तिथे लागतो. उद्या काही घडलं तर "मला वरून मंजुरी नव्हती" असं म्हणायला त्याला जागा नसते. त्याच्याखाली उड्डाण, देखभाल, प्रशिक्षण, सुरक्षा आणि गुणवत्ता, प्रत्येकाला एकेक नावानिशी प्रमुख. त्यांचा अनुभव डीजीसीए तपासते आणि नाव मान्य करते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे एखादा पूल खचला की जबाबदार कोण ते शोधायला समिती बसते. इथे नाव काम सुरू होण्याआधीच लिहिलेलं असतं.

पुस्तकं म्हणजे ऑपरेशन्स मॅन्युअल. त्याचे चार भाग: सगळ्यांना लागू असलेले नियम, त्या जातीच्या विमानाची माहिती, मार्ग आणि विमानतळ, आणि प्रशिक्षण. दुसऱ्या कंपनीचं पुस्तक उचलून नाव बदललं की झालं, असं इथे चालत नाही. अधिकारी एकेक पान वाचतात आणि मग जाऊन बघतात की पुस्तकात लिहिलेली गोष्ट माणसं खरंच तशीच करतात का.

काकांना यातलं एक प्रकरण सगळ्यात जवळचं वाटलं. त्यांनी विचारलं, "एखादा दिवा गेला असला तं गाडी सोडते का नाही?" याचं उत्तर विमानाच्या बाबतीत कोणाच्या अंदाजावर ठेवलेलं नाही. त्याची यादीच असते, तिला एमईएल म्हणतात. काय बंद असताना उडायला परवानगी आहे, कोणत्या अटींवर, आणि किती दिवस. काही बिघाड तीन दिवसांत दुरुस्त व्हायलाच हवेत, काही दहा दिवसांत, काही १२० दिवसांपर्यंत चालतात. हवामानाचं रडार बंद असेल तर साधारणपणे मार्गात गडगडाटी ढगांचा अंदाज नसेल तेव्हाच उडता येतं. म्हणजे आमच्याकडे जूनमध्ये मृगाचे ढग दाटले की ते विमान जमिनीवरच. विमान बनवणारी कंपनी मूळ यादी देते. चालवणाऱ्या कंपनीला ती आणखी कडक करता येते, सैल करता येत नाही. कॅप्टन यादीपेक्षा जास्त काळजी घेऊन "मी नेत नाही" म्हणू शकतो. यादीत नसलेल्या बिघाडासकट "मी नेतो" असं मात्र म्हणू शकत नाही.

आता उन्हाचं सांगतो, कारण तो आपला विषय आहे. मे महिन्यात इकडे पारा ४५ वर जातो. हवा तापली की पसरते, विरळ होते. दाब तोच धरला तर ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा घनतेने ९ टक्क्यांहून जास्त कमी भरते. पंख विमानाला उचलतात ते हवा खाली लोटून. हवाच पातळ असेल तर तेवढीच उचल मिळवायला जमिनीवरून जास्त वेगाने धावावं लागतं, सुमारे ५ टक्के जास्त. धावण्याचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणजे १० टक्क्यांच्या आसपास. वर इंजिनाला आणि प्रोपेलरलाही तीच पातळ हवा मिळते, त्यांचा जोर घटतो, म्हणून खरी वाढ त्याहूनही जास्त. वैमानिक हे उंचीच्या भाषेत मोजतात. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर वर आहे. पण ४५ अंशांच्या दुपारी तिथे उभं असलेलं विमान सुमारे दीड हजार मीटर उंचीवर असल्यासारखं वागतं. चिखलदऱ्याहूनही उंच!

याहून कठीण भाग पुढे आहे. नियम सांगतो की धावपट्टीवर धावताना नेमकं सर्वांत वाईट क्षणी एक इंजिन बंद पडलं, असं धरूनच हिशोब करायचा. त्यासाठी प्रत्येक उड्डाणाआधी एक वेग ठरवतात, त्याला व्ही-वन म्हणतात. त्याच्या आधी बिघाड दिसला तर ब्रेक मारून उरलेल्या पट्टीत थांबता आलं पाहिजे. त्याच्यानंतर दिसला तर थांबायचं नाही, उरलेल्या एका इंजिनावर वर जायचं. चाकं आत घेतल्यावर दोन इंजिनांच्या विमानाला एकाच इंजिनावर दर १०० मीटरला निदान २.४ मीटर चढता आलं पाहिजे. उन्हाच्या दुपारी बऱ्याचदा पट्टी पुरते, पण हे २.४ जमत नाही. मग वजन कमी करायचं: काही जागा रिकाम्या, नाहीतर सामान मागे, नाहीतर इंधन बेतानेच. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर लांब आहे. ती कोणत्या विमानाला, किती वजनाने, किती उन्हात पुरते, याचे तक्ते कंपनीकडे तयार हवेत. नुसते तक्ते असून भागत नाही. डीजीसीएचा अधिकारी डिस्पॅचरसमोर, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणाऱ्यासमोर, बसतो आणि समोरच हिशोब करायला लावतो. सकाळच्या विमानात जागा भरलेल्या आणि दुपारच्या विमानात तिकीट असून काही सामान मागे राहिलेलं, असं कधी दिसलं तर ते गणित आठवावं. चिडण्याचं कारण नाही.

इंधनाचाही असाच हिशोब. पोहोचण्यापुरतं, वर त्याच्या ५ टक्के, वर उतरता न आल्यास दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि त्याच्याही वर अर्धा तास घिरट्या घालण्याचं. हा शेवटचा अर्धा तास म्हणजे घरातलं बियाणं. त्याला हात लावायची पाळी येत असेल तर कॅप्टनने थेट धोक्याचा इशारा द्यायचा.

कागद संपले की प्रत्यक्ष उडून दाखवायचं. या उड्डाणांना प्रूव्हिंग फ्लाइट म्हणतात. विमान खरं, मार्ग खरा, कर्मचारी पूर्ण, पण तिकीट काढलेला प्रवासी एकही नाही. मागे डीजीसीएची माणसं बसलेली. ती मध्येच सांगतात: एक प्रवासी बेशुद्ध पडला, किंवा ज्या गावी जायचं तो विमानतळ बंद झाला. मग जमिनीवरच्या नियंत्रण कक्षापासून कॅप्टनपर्यंत कोण कोणाला काय सांगतं, किती वेळात, कोणत्या पानावर बघून, हे शांतपणे टिपलं जातं. हवाई सेविका दार किती चटकन उघडते तेही. बनवणाऱ्या कंपनीने तर ४४ पेक्षा जास्त आसनांच्या प्रत्येक जातीच्या विमानासाठी हे आधीच करून दाखवलेलं असतं: अंधारात, निम्मी दारं बंद ठेवून, ९० सेकंदांत सगळे बाहेर. एअरबस ए-३८० ची ही चाचणी २००६ मध्ये हॅम्बुर्गला झाली, तेव्हा ८७३ माणसं ७८ सेकंदांत उतरली होती. कोणती दारं उघडणार नाहीत, हे आतल्यांना आधी माहीत नव्हतं.

एवढं सगळं उत्तीर्ण होऊनही कंपनी उडेलच असं नाही. बंद पडलेल्या जेट एअरवेजने नव्या मालकांखाली हीच परीक्षा दिली आणि २० मे २०२२ ला प्रमाणपत्र परत मिळवलं. पण पैशाचा तिढा सुटला नाही. एकही प्रवासी विमान उडालं नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. किंगफिशरचा परवाना ऑक्टोबर २०१२ मध्ये निलंबित झाला तेव्हाही मूळ दुखणं पैशाचंच होतं. पगार थकले, माणसं कामावर येईनात, आणि ज्यांच्या भरवशावर प्रमाणपत्र दिलं होतं ती व्यवस्थाच उरली नाही.

आणि परीक्षा घेणाऱ्याचीही परीक्षा होते. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेने भारताचा हवाई सुरक्षेचा दर्जा खाली आणला. कारण आपली विमानं नव्हती. डीजीसीएकडे पुरेसे प्रशिक्षित, पूर्णवेळ निरीक्षकच नव्हते. भारतीय कंपन्यांना अमेरिकेला नवी उड्डाणं वाढवता येईनात. भरती झाली, प्रशिक्षण झालं, तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये दर्जा परत मिळाला. तपासणारा कमी पडला तर तपासलेल्याचीही किंमत कमी होते, आणि ते तसंच असायला हवं.

काकांनी ड्युटीच्या तासांचं विचारलं नसतं तरच नवल. वैमानिकाला आठवड्यातून सलग ४८ तास विश्रांती, रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा, असे नवे नियम २०२५ मध्ये टप्प्याने लागू झाले. त्याप्रमाणे वैमानिकांचं वेळापत्रक बसवता आलं नाही म्हणून डिसेंबरमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची उड्डाणं एकेका दिवशी शेकड्याने रद्द झाली. ती रद्द झाली याचा त्रास लोकांना झाला, पण थकलेल्या माणसाच्या हाती विमान देऊन ती चालवली असती तर ते मला भयंकर वाटलं असतं.

इकडे विमानतळाचा परवाना वेगळा असतो, हेही सांगून टाकतो. धावपट्टीवर रोही, म्हणजे नीलगाय, येऊ नये म्हणून कुंपण, विमानाच्या लांबीप्रमाणे अग्निशमनाची तयारी, आणि तीन मिनिटांच्या आत पट्टीच्या कोणत्याही टोकाला पोहोचणारा बंब, हे त्या परवान्यात येतं. म्हणून गोंदियाच्या बिरसीला मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली सेवा थांबली, तरी डिसेंबर २०२३ मध्ये दुसरी कंपनी आपलं एओसी घेऊन तिथेच उतरू शकली.

मी एवढं सगळं सांगेपर्यंत बेलोऱ्याचं विमान परत निघालं. आमच्यावर येऊन ते कलतं, तेव्हा काकांनी डोळ्यांवर हात धरून पंखाखालची अक्षरं शोधली. "व्हीटी हाय," ते म्हणाले. मग चाकं आत जाताना बघून त्यांनी विचारलं, "टायर नवेच टाकते का रिमोल्ड?"

विमानाचे टायरही रिमोल्ड होतात, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवा थर चढवतात, एकदा नाही, अनेकदा. मान्यता असलेल्या वर्कशॉपमध्ये, दर वेळी तपासून. त्यांत साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरतात. काका जरा वेळ गप्प राहिले.

"मंग कोन्ता टायर कितव्यांदा उतरला, ते लिहूनच ठेवत असतीन."

ठेवतात. सहीसकट.