कल्चरची तपासणी: नमुना देण्याआधी आणि रिपोर्ट हातात आल्यावर

लघवीच्या कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, रिपोर्ट काउंटरवरच उघडणारे बरेच जण 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय' या ओळीपाशी अडतात. निगेटिव्ह वाचून काहींना हायसं वाटतं आणि ते डॉक्टरांकडे जायचंच टाळतात. तसं करू नका. जंतू सापडलेत, असंच ती ओळ सांगते. बॅसिलाय म्हणजे काडीच्या आकाराचे जंतू, ग्रॅम निगेटिव्ह हा त्यांचा गट.

हा गट ओळखायची रीत हान्स क्रिस्टियान ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ साली काढली आणि आमच्या लॅबमध्ये ती आजही रोज वापरात आहे. काचपट्टीवर नमुन्याचा पातळ थर, त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं, शेवटी लाल रंग. ज्या जंतूंचा जांभळा रंग धुऊन जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे गुलाबी दिसतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. त्यांच्या पेशीला बाहेरून एक जादा आवरण असतं. काही अँटिबायोटिक्स त्यातून आत शिरतच नाहीत. शिवाय संसर्ग रक्तात गेला, तर याच आवरणातल्या विषारी घटकामुळे हुडहुडी भरून ताप येतो, रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो.

१८९६ सालचा मुंबईचा प्लेग याच गटातल्या जंतूचा, आणि कॉलराही. परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या हाफकिन यांनी दोन्ही रोगांवर लस तयार केली आणि दोन्ही वेळा आधी स्वतःला टोचून घेतली. आमच्याकडे येणाऱ्या लघवीच्या नमुन्यांत मात्र सगळ्यात जास्त दिसतो तो ई. कोलाय. तो आपल्याच आतड्यात राहतो. तिथे असेपर्यंत बहुधा त्रास देत नाही, मूत्रमार्गात शिरला की जळजळ सुरू. त्याच्या मागोमाग क्लेब्सिएला.

नमुना कसा द्याल

अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी हे पत्रक छापल्याचं चीज झालं. दोन गोळ्या पोटात गेल्यावर दिलेल्या नमुन्यात जंतू कधी वाढतच नाहीत, रिपोर्ट कोरा येतो आणि जळजळ तशीच राहते. गोळ्या सुरू झाल्याच असतील तर नाव सांगा. रिकामं पाकीट आणलंत तरी चालेल.

सकाळची पहिली लघवी उत्तम. जागा साध्या पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या आणि मधली धार आमच्याकडून नेलेल्या निर्जंतुक डबीत धरा. झाकणाला आतून बोट लावू नका. औषधाची जुनी बाटली कितीही उकळली असली तरी नको. नमुना दोन तासांत आणून द्या. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, पण चोवीस तासांच्या आत पोचवा. कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) असलेल्या रुग्णाचा नमुना पिशवीतून काढू नका. तो नर्सने नळीतून घ्यायचा असतो.

दोन-तीन दिवस का लागतात

जंतू वाढायला वेळ घेतात, त्याला मशीन काय करणार? पहिल्या दिवशी नमुना प्लेटवर पसरून सुमारे ३७ अंशांवर ठेवतो. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर ई. कोलायचे गुलाबी ठिपके दिसतात. स्यूडोमोनास असेल तर बऱ्याचदा प्लेटवर हिरवट झाक येते आणि द्राक्षांसारखा वास सुटतो. हा जंतू भाजलेल्या जखमांत आणि वाहत्या कानात मुक्काम करणारा. मग त्या जंतूंच्या थरावर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि तिसऱ्या दिवशी चकतीभोवती किती मिलिमीटर जागा मोकळी राहिली ते मोजायचं. रिपोर्टमधले 'एस' आणि 'आर' त्या मापावरून ठरतात: 'एस' म्हणजे औषध लागू पडेल, 'आर' म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही.

म्हणून काही 'एस' समोरचं पहिलं नाव दुकानात जाऊन मागायचं नाही. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या संसर्गाला चांगलं, पण किडनीपर्यंत गेलेल्या संसर्गाला उपयोगाचं नाही. हा फरक डॉक्टरच करू शकतात. 'ईएसबीएल' (औषध मोडून टाकणारं जंतूचं एन्झाइम) लिहिलेलं असेल तर जंतू नेहमीच्या बऱ्याच औषधांना निष्प्रभ करतो. मग उरतात ती ठेवणीतली औषधं. त्यांतली बरीचशी २०१४ पासून एच-१ या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी सूचीत आहेत, आणि दुकानदाराला त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय ती मिळाली तर आनंद मानू नका.

उलटही सांगायला हवं. त्रास काहीच नाही, पण रिपोर्टमध्ये जंतू आले, असं वयस्कर मंडळींत सर्रास होतं. त्यांना बहुधा औषध लागत नाही. गरोदर स्त्रीला मात्र लागतं. तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र वाढले असतील तर बहुतेक वेळा नमुना बाहेरून दूषित झालेला असतो. तो पुन्हा द्यावा लागतो.

टायफॉइडचा संशय असेल तर

विडाल या टायफॉइडच्या नेहमीच्या रक्ततपासणीवर एकटीवर विसंबू नका. टायफॉइडचा साल्मोनेला जंतू पहिल्या आठवड्यात रक्ताच्या कल्चरमध्ये सापडण्याची शक्यता जास्त, तोही गोळ्या सुरू करण्याआधी. मुलांसाठी लस आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडच्या नव्या लसीची मोहीम सुरू केली होती. लसीबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आला तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू आमच्या नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाही. त्याची रक्ततपासणी वेगळी असते आणि चिठ्ठीवर ती वेगळी लिहून आणावी लागते.