घरगुती व्यवसायाचा फोन आणि २००२ चा अर्धवट निर्णय

इंटरनेटवरून फोन करून घरगुती व्यवसायाचं बिल कमी करता येतं, हे आता नव्याने सांगायला नको. कोथरूडमध्ये घरून फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकू असोत, सदाशिव पेठेतलं वधू-वर सूचक मंडळ असो किंवा सहकारनगरात हॉलमधल्या टेबलावरून विमा विकणारे काका असोत, सगळ्यांच्या फोनमध्ये नेट आहे. पण हा हक्क त्यांना इतक्या उशिरा का मिळाला, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्याआधीचा काळ थोडक्यात. एसटीडीला, म्हणजे परगावच्या कॉलला, अंतर वाढेल तसं मीटर जोरात पळायचं. दूरच्या राज्यात फोन केला तर मिनिटाला वीस रुपयांच्या वर जायचे. घरातले आणि धंद्याचे कॉल एकाच बिलात, तेही दोन महिन्यांनी. म्हणून डायलला छोटं कुलूप असायचं, बाजूला दोऱ्याला पेन बांधलेली वही असायची आणि कुणी, कुठे, किती वेळ बोललं ते त्यात लिहावं लागायचं. रात्री उशिरा दर पाव व्हायचा खरा. पण गिऱ्हाइकाला रात्री अकरा वाजता फोन कसा करणार? ती सवलत नातेवाइकांशी बोलायला उपयोगी पडली, धंद्याला नाही.

१९९९ च्या दूरसंचार धोरणाने इंटरनेट टेलिफोनीला ‘तूर्त नाही’ म्हटलं होतं. ती बंदी १ एप्रिल २००२ रोजी उठली. त्याच दिवशी परदेशी कॉलवरची विदेश संचार निगमची मक्तेदारीही संपली. बातम्यांमध्ये ‘इंटरनेट टेलिफोनी खुली’ असंच आलं. प्रत्यक्षात निम्मंच दार उघडलं होतं. संगणकावरून संगणकावर बोलायला परवानगी होती, देशात आणि परदेशातही. संगणकावरून परदेशातल्या साध्या फोनवर बोलायलाही हरकत नव्हती. मात्र भारतातल्या कुठल्याही फोनवर संगणकावरून कॉल लावायला मनाई होती. म्हणजे पुण्यात बसून शिकागोतल्या मुलाच्या घरचा फोन नेटवरून वाजवणं कायदेशीर, नाशिकच्या व्यापाऱ्याचा वाजवणं बेकायदा. शिवाय नेटवरच्या या फोनला नंबर मिळत नव्हता. कॉल करता येई, पण गिऱ्हाइकाने परत फोन करायचा तर लँडलाइन किंवा मोबाइलच लागायचा. फराळाची ऑर्डर येते ती बाहेरून, त्यामुळे व्यवसायासाठी नंबर नसलेला फोन जवळजवळ निरुपयोगी होता.

असं का केलं, याला कारणं होती. देशांतर्गत लांब पल्ल्याच्या सेवेचा परवाना घेणाऱ्यांनी १०० कोटी रुपये प्रवेश शुल्क भरलं होतं. इंटरनेट सेवा देणाऱ्यांनी तसं काही भरलेलं नव्हतं. खेड्यातल्या तोट्यातल्या लाइन एसटीडी-आयएसडीच्या कमाईवर पोसल्या जात होत्या, आणि २००३ पासून त्यासाठी कॉलवर वेगळा आकारच बसवला गेला. नेटवरचे कॉल मोकळे सोडले तर हे पैसे बुडतील, ही भीती खोटी नव्हती. पण तो आकार २००८ मध्ये संपला. परवान्याचं शुल्क तर त्याआधीच, २००६ मध्ये, अडीच कोटींवर आलं होतं. कारणं गेली, मनाई तशीच राहिली. २००८ मध्येच दूरसंचार नियामकाने (ट्राय) देशातले कॉलही खुले करायची शिफारस केली, आणि ती वर्षानुवर्षं पडून राहिली. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोठा अन्याय इथे झाला, आणि त्याची किंमत छोट्यांनी मोजली. हिंजवडी-खराडीच्या मोठ्या कॉल सेंटरांनाही नेटचं जाळं आणि साधं टेलिफोनचं जाळं एकत्र जोडायला बंदी होती. पण दोन वेगळ्या यंत्रणा उभ्या करायला त्यांच्याकडे पैसे होते. डायनिंग टेबलावर धंदा करणाऱ्या बाईकडे नव्हते.

लोकांनी पळवाटा काढल्याच. परदेशी अ‍ॅपमध्ये पैसे भरून भारतातल्या नंबरवर कॉल करता यायचा. आवाज परदेशी वळसा घालून परत यायचा, मध्ये क्षणभर रेंगाळायचा आणि दोघं एकदमच बोलायला लागायचे. त्यातल्या सर्वांत लोकप्रिय अ‍ॅपने नोव्हेंबर २०१४ मध्ये भारतातून भारतात फोन लावायची सोय बंद केली. त्याच डिसेंबरात एका मोठ्या मोबाइल कंपनीने नेटवरच्या कॉलसाठी वेगळे पैसे आकारायचं ठरवलं आणि ओरड होताच माघार घेतली. नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे नेटवरच्या सगळ्या सेवांना सारखीच वागणूक देण्याचा, वाद घराघरात पोहोचला तो त्यानंतर.

ऑक्टोबर २०१७ मध्ये नियामकाने पुन्हा शिफारस केली, मोबाइल कंपन्यांनी विरोध केला, आणि जून २०१८ मध्ये परवान्यात बदल होऊन वाट मोकळी झाली. आता नेटवरच्या फोनला दहा आकडी नंबर मिळू शकत होता. लगेच सरकारी बीएसएनएलने वर्षाला १,०९९ रुपये आणि वर कर अशी अमर्याद कॉलची योजना आणली. पण तोवर, सप्टेंबर २०१६ मध्येच, जिओ सुरू झालं होतं. मोबाइलवरचे कॉल पॅकमध्येच येऊ लागले होते, आणि मिनिटामागे वाचवायला फारसं काही उरलं नव्हतं.

म्हणून आज बचत वेगळ्या ठिकाणी होते. दुसरी लाइन, वेगळा हँडसेट, फोन घ्यायला बसवलेलं माणूस हे खर्च टळतात. एकाच नंबरवर आलेला कॉल कोथरूडला वाजतो, कुणी उचलला नाही तर हडपसरला वाजतो, आणि सुटलेल्या कॉलची यादी मागे राहते. दिवाळीआधीच्या आठवड्यात ही यादीच पैसे मिळवून देते. एक अडचण मात्र लक्षात ठेवावी. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की राउटर बंद, आणि त्यावरचा फोनही बंद. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून वीज मिळायची. राउटरला छोटा यूपीएस लावायचा खर्च हिशेबात धरावाच.

स्वस्त म्हणून कुणीही देऊ केलेली लाइन घेऊ नये, हेही तितक्याच कळकळीने सांगतो. परदेशातून नेटवर आलेले कॉल शेकडो सिमकार्डांच्या पेटीतून स्थानिक कॉल म्हणून सोडणारं बेकायदा एक्स्चेंज २०२४ मध्ये कोंढव्यात पकडलं गेलं. परवाना असलेल्या कंपनीकडूनच नंबर घ्यावा, ओळखीची कागदपत्रं द्यावी लागली तरी.

नियम अजूनही हलते आहेत. मेसेजिंग अ‍ॅप मोबाइलमधल्या सिमशी सतत जोडलेलं असावं आणि संगणकावरचं लॉगइन ठरावीक तासांनी आपोआप बंद व्हावं, असा आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला. फसवणूक रोखणं हा त्याचा हेतू आहे आणि तो रास्त आहे. पण एक फोन घरात ठेवून दुकानातल्या संगणकावर त्याच खात्यातून ऑर्डरी घेणाऱ्यांना त्याची झळ बसणार आहे, आणि नियम ठरवताना त्यांना विचारलं गेल्याचं या वेळीही दिसलं नाही.